ए साइड संपली, कॅसेट उलटा

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की आपल्याकडचे कितीतरी चांगले अल्बम त्यांच्याच एका हिट गाण्याने गिळून टाकलेत, तुम्हाला आठवणारे कळवा. सहज लिहिलेलं अंगाशी येतं ते असं. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर चारचार मिनिटांचे आवाजी मेसेज आले, आणि रामबागेतून एक चक्क पोस्टकार्ड आलं, कडेकडेने तिरपं लिहून भरलेलं, पत्त्याच्या बाजूला पण अर्धं वाक्य गेलेलं. सगळं घेणं शक्य नाही. आणि मतं माझी एकट्याची आहेत, संपादकांना फोन करू नका, ते भीमसेन सोडून काही ऐकत नाहीत.

प्रश्न: काका, माझ्या कॉलेजात सगळे म्हणतात इंडियन ओशन म्हणजे 'कंदीसा', बाकी सोडून दे. मी ऐकला, आवडला पण, पण मला 'झीनी' जास्त आवडून राहिलाय. माझ्या कानात काही प्रॉब्लेम आहे का?
- इंजिनियरिंगची विद्यार्थिनी, राजेंद्र नगर

उत्तर: कान ठणठणीत आहेत बेटा, कॉलेजातल्यांचे तपासून घे. 'कंदीसा' २००० साली आला, त्यात गाणी फक्त सात, आणि टायटलचं गाणं म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामाइक भाषेतली फार जुनी प्रार्थना. एक शब्द कळायचा नाही आणि तरी आम्ही सगळे डोळे मिटून तो वरचा सूर लावायचो, म्हणजे लावायला जायचो, लागायचा कोणाचाच नाही. पण झालं काय, त्या एका गाण्याने अख्खी कॅसेट खाल्ली. त्याच कॅसेटवर 'मा रेवा' होतं, आणि लोक ते पुढे पळवायचे! रेवा म्हणजे आपली नर्मदा, आणि इंदूरच्या माणसाने 'मा रेवा' पळवावं? आपल्याकडे सकाळी सकाळी 'नर्मदा आली का' असं विचारलं की त्याचा अर्थ नळाला पाणी आलं का असा होतो, नर्मदेकाठच्या जलूदहून पंपाने वर चढवलेलं पाणी पिऊन आपण मोठे झालो. बँडचा बेस गिटारवाला राहुल राम अमेरिकेत कॉर्नेलला पर्यावरणातल्या विषांवर पीएचडी करून आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात गेला, हे गाणं त्याला तिकडे खोऱ्यात मिळालं. त्यात 'थारो' येतं, म्हणजे 'तुझं', तो शब्द तुला मंडईत भाजीवालीच्या तोंडून रोज ऐकू येतो. म्हणजे दिल्लीच्या बँडच्या कॅसेटमध्ये निमाड येऊन बसलेला आणि आम्ही इंदूरचे अरामाइक पाठ करत बसलेलो.

आता 'झीनी', २००३. तो तुला का जास्त आवडतो याचा माझा अंदाज असा की माळव्यात वाढलेल्या पोराला कबीर पुस्तकातून भेटत नाही. कबीर गाणाऱ्या प्रह्लादसिंह टिपानियांचा तंबुरा आणि करताल कुठे ना कुठे कानावरून गेलेली असते, घरात नाही तर शेजारी कोणाकडे तरी कुमारजींची निर्गुणी भजनं लागतातच. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला आले, कितीक वर्षं गाणं बंद, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या जे ऐकू आलं ते दारावरून जाणाऱ्या नाथपंथीयांचं आणि माळवी बायकांचं. त्यातून पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. असं सगळं पाठीशी असल्यावर 'झीनी'मध्ये अशीम चक्रवर्ती कबीराची चादर गायला लागतो तेव्हा आपल्याला ते फ्यूजन वगैरे वाटतच नाही, घरातलंच कोणीतरी जरा वेगळ्या कपड्यात आल्यासारखं वाटतं. अशीम मांडी घालून तबला वाजवता वाजवता गायचा. एकाच माणसाने लय धरायची आणि तीच लय सोडून सूर लांबवायचा, करून बघ, टेबलावर ठेका धरून नुसतं 'चांदोबा चांदोबा' म्हणून बघ, तिसऱ्या ओळीला बोटं थांबतात.

माझं स्वतःचं मत विचारशील तर 'कंदीसा' मैदानात ऐकायचा आणि 'झीनी' खोलीत, पण त्यांचं सगळ्यात भारी काम या दोन्हींत नाहीये. ते 'डेझर्ट रेन'. १९९७ चं, लाइव्ह, दिल्लीत पथनाट्यवाल्या सफदर हाशमींच्या आठवणीत १ जानेवारीला जो कार्यक्रम होतो तिथलं. स्टुडिओत बसून घासूनपुसून केलेलं काही नाही, चौघं एकमेकांकडे बघत वाजवतायत हे आवाजात कळतं. अशीम २००९ च्या डिसेंबरमध्ये गेला, त्याचा आवाज असलेला शेवटचा अल्बम '१६/३३० खजूर रोड', हा त्यांच्या करोल बागेतल्या रिहर्सलच्या घराचा पत्ता. २०१० मध्ये त्यांनी तो महिन्याला एक गाणं असा नेटवर फुकट दिला. आणि फुकटच्या गोष्टीचं आपल्याकडे जे होतं ते झालं, लोकांनी डाउनलोड केला आणि ऐकला नाही.

प्रश्न: 'ओ सनम' सोडून लकी अलीचं काय ऐकू? कामं करता करता ऐकते, फार जड नको.
- लोकमान्य नगरची एक वाचक

उत्तर: 'सिफर', ताई. 'ओ सनम'वाला 'सुनो' १९९६ ला आला, पिरॅमिडसमोरच्या त्या व्हिडिओने सगळ्यांना वेड लावलं आणि दोनच वर्षांनी आलेला 'सिफर' त्या सावलीत राहून गेला. 'देखा है ऐसे भी' पोळ्या लाटताना लावा, लाटणं आपोआप लयीत येतं. घरी ट्राय केलेलं आहे, पोळ्या मीच लाटल्या होत्या, कोणी खाल्ल्या नाहीत ती गोष्ट वेगळी. लकी अलीला आवाज नाही म्हणणारे लोक मला भेटतात, त्यांना मी एवढंच म्हणतो की तो आवाज ढकलत नाही, शेजारी बसून बोलल्यासारखं गातो, आणि ते जोरात गाण्यापेक्षा अवघड आहे. त्याच १९९८ मधला सिल्क रूटचा 'बूंदें' पण घ्या, तो 'डूबा डूबा'ने खाल्लेला. त्यांचा गायक मोहित चौहान तेव्हा सिनेमात पोचायचा होता, आवाजात डोंगरातली थंडी होती नुसती.

प्रश्न: ज्या गावात उस्ताद अमीर खाँसाहेब राहिले त्या गावच्या मासिकात आपण गिटार आणि ढोलांच्या गोंगाटावर पानं खर्च करता याचा खेद वाटतो. अल्बम, बँड हे आपल्या संगीतातले शब्दच नव्हेत. आपल्या घरी तरी खाँसाहेबांची रेकॉर्ड आहे का?
- पोस्टकार्डावरून, रामबाग (वय ७८, असं त्यांनीच लिहिलंय)

उत्तर: काका, साष्टांग नमस्कार. आहे. वडिलांनी घेतलेली, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. आणि त्याच रेकॉर्डवरून मी तुमच्याशी भांडणार आहे, राग मानू नका.

तुम्ही म्हणता अल्बम आपला शब्द नाही. शब्द नसेल, पण गोष्ट बघा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डीत तीनसाडेतीन मिनिटं मिळायची, तेवढ्यात अमीर खाँसाहेबांची बढत, म्हणजे राग सावकाश वाढवत नेणं, काय होणार, त्यांचा झुमरा ताल सुरू होऊन पहिली सम यायलाच माणसाची एक विडी ओढून होते. त्यांचं गाणं रेकॉर्डवर बसलं ते एलपी आल्यावर, एका बाजूला वीसएक मिनिटं मिळायला लागली तेव्हा. मग मारव्यातलं 'पिया मोरे अनत देस' सावकाश उलगडतं, घाई नाही, पंचम मुळात नाहीच आणि षड्जावर पण टेकू देत नाहीत, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी घरात जी एक पोकळी असते ना ती. आणि रेकॉर्ड उलटली की दरबारी, म्हणजे एकदम मध्यरात्र. उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दोन प्रहर निघून जातात. हे कोणीतरी विचार करून केलंय काका, दोन्ही बाजू मिळून एक वस्तू झालीये, मी अल्बम म्हणतो तो यालाच. सुटी गाणी एका पाकिटात घातली म्हणजे अल्बम होत नाही.

आता माझी कबुली. आमच्या घरच्या त्या रेकॉर्डवर मारव्याच्या बाजूला एवढे ओरखडे आहेत की मधेमधे पोहे फोडणीला टाकल्यासारखा आवाज येतो, आणि दरबारीची बाजू जवळपास कोरी. वडील संध्याकाळी ऑफिसातून येऊन मारवा लावायचे आणि तो झाला की जेवायला बसायचे, जेवण झालं की झोप. म्हणजे हिट गाण्याने बाकीचं खाणं हे फक्त गिटारवाल्यांकडे होतं असं नाही, आपल्या घरात पण झालंय. मी ती दुसरी बाजू नीट ऐकली तेव्हा चाळिशी उलटली होती, वडील गेलेले.

आणि बँडबद्दल. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' आठवते का, संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद, गिटार ब्रिजभूषण काब्रा, तबला माणिकराव पोपटकर. चौघं मिळून काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत वाजवतात, हा बँड नाही तर काय आहे? आणि एचएमव्हीत बसून ती रेकॉर्ड घडवून आणणारे कोण, तर जी. एन. जोशी, 'रानारानांत गेली बाई शीळ' गाणारे आपले मराठी जोशीबुवा. त्यात गिटार आहे काका. तुम्ही ती रेकॉर्ड नक्की ऐकलीये आणि गोंगाट म्हणून बंद केली नाहीये, लावा पैज. पोस्टकार्ड पाठवा परत, मला तुमचं अक्षर फार आवडलं.

प्रश्न: सर, इंग्लिशमधले टॉप पाच अंडररेटेड अल्बम सांगा, रँकिंगसकट.
- आयटीवाला, वय २६, विजय नगर

उत्तर: रँकिंग देणार नाही, मी काय निकाल लावायला बसलोय? आणि पाच पण होतील की नाही बघू.

पहिला सांगतो डायर स्ट्रेट्सचा 'लव्ह ओव्हर गोल्ड', १९८२. यामागे एक गोष्ट आहे. मी शाळेत असताना जेल रोडच्या बाजूला एक दुकान होतं, तिथे कोरी कॅसेट आणि यादी द्यायची, आठवड्याने भरून मिळायची. मी पैसे वाचवायला साठ मिनिटांची दिली, एका बाजूला तीस. आता हा अल्बम पाच गाण्यांचा, पहिलंच 'टेलिग्राफ रोड' चौदा मिनिटांचं, मग सातएक मिनिटांचं 'प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेशन्स', मग सहाएक मिनिटांचं तिसरं, हिशोब कर, सत्तावीस झाली. चौथं गाणं टायटलचं, ते तीन मिनिटं वाजलं आणि टेप संपली, कट्. दुकानदाराने शांतपणे कॅसेट उलटून पाचवं गाणं भरलं आणि उरलेल्या जागेत स्वतःच्या पसंतीच्या दोन कव्वाल्या घालून दिल्या, जागा कशाला वाया घालवायची म्हणून. मी आठ वर्षं समजत होतो की ते गाणं असंच आहे, वाक्य अर्धवट तोडून संपणारं, आणि मित्रांना पण सांगायचो, बघा काय धाडस आहे, शेवटच केला नाही गाण्याला! नोकरीला पुण्याला गेलो तिथे एकाकडे सीडीवर ऐकलं तर गाणं पुढे चालूच, आणि शेवटी व्हायब्राफोनचा तो विरत विरत जाणारा तुकडा. मी तसाच उभा राहिलो, हातातला चहा गार. १९८५ ला 'ब्रदर्स इन आर्म्स' आला आणि जगाने हा अल्बम बाजूला ठेवला, मी नाही ठेवला. त्या दोन कव्वाल्या मात्र अजून मला मार्क नॉफ्लरच्याच वाटतात, आता काय इलाज नाही.

दुसरा निक ड्रेकचा 'पिंक मून', १९७२. एक माणूस, एक गिटार, टायटलच्या गाण्यात थोडासा पियानो, संपलं. अठ्ठावीस मिनिटांत संपतो, पोहे भिजवून, फोडणीला टाकून, वाफ काढून ताटलीत येईपर्यंत अल्बम झालेला असतो. तेव्हा फारसा कोणी घेतला नाही, दोन वर्षांत तो गेला, वय २६, तुझ्याएवढाच. लोकांना कळला तो पंचवीसेक वर्षांनी एका मोटारीच्या जाहिरातीत हे गाणं वापरलं तेव्हा. तिसरा पिंक फ्लॉइडचा 'ॲनिमल्स', १९७७, 'डार्क साइड' आणि 'द वॉल' यांच्या मधल्या गल्लीत उभा राहिलेला, कोणी बघत नाही त्याच्याकडे.

आणि बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर', १९६६. हो हो, तो अंडररेटेड नाही माहितीये, पण त्यातल्या 'लव्ह यू टू'वर तबला आहे तो अनिल भागवत यांचा, कव्हरवर नाव छापलेलं आहे. बीटल्सच्या कव्हरवर भागवत! आमच्या आत्याला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, कुठले भागवत, आपल्या नात्यातले का?

प्रश्न: घरी 'दिल पडोसी है'चा दोन कॅसेटचा सेट आहे, लग्नात यांनी आणलेला. मुलगा म्हणतो भंगार काढून टाक. टेपरेकॉर्डर पण बिघडलेला. देऊन टाकू का?
- सुदामा नगरच्या एक ताई

उत्तर: मुलाला देऊन टाका.

गंमत केली. ताई, तो १९८७ चा अल्बम आहे, आशाबाई, पंचमदा आणि गुलजार, चौदा गाणी, एकही सिनेमातलं नाही. पंचमला निर्माता नाही, हिरो नाही, सीन नाही, कोणाची कटकट नाही, त्यामुळे त्याने जे केलंय ते त्याच्या सिनेमाच्या गाण्यांतही फार ठिकाणी सापडत नाही. 'भीनी भीनी भोर' सकाळी लावा आणि 'रात क्रिसमस की थी' रात्री, एकच बाई दोन्ही गातायत यावर विश्वास बसणार नाही. हा हिट गाण्याने खाल्लेला अल्बम नाहीच, कारण याच्यात कोणी हिट झालंच नाही, बिचारा आख्खाच उपाशी राहिला.

कॅसेट टाकायच्या आधी दोन गोष्टी बघा. टेपवर पांढरट डाग दिसतायत का, ती बुरशी, पावसाळ्यात धरते. असली कॅसेट मशीनमध्ये घालू नका, ती हेडला लागते आणि मग पुढच्या कॅसेटला. दुसरं म्हणजे खालच्या खिडकीत टेपच्या मागे एक बारकासा फेल्टचा तुकडा असतो, गोंद सुकून तो पडतो आणि मग आवाज दबका येतो. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली, खराब काही नाही, तुकडा दुसऱ्या फुकट गेलेल्या कॅसेटचा काढून लावायचा. स्पीकरजवळ ठेवू नका, चुंबक असतं. आणि पेन्सिल घालून एकदा पूर्ण फिरवून घ्या, फार वर्षं पडून राहिली की थर एकमेकांना चिकटतात. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे दोनचार लोक अजून आहेत गावात, विचारत गेलात की सापडतात.

प्रश्न: भिया, मी लग्नात डीजे वाजवतो. सगळे म्हणतात इलेक्ट्रॉनिक म्युझिक फॉरेनचं, आपल्याकडचं जुनं काही आहे का जे ऐकून लोकांचं तोंड बंद होईल?
- महू

उत्तर: भिया, तुझ्यासाठी तर खजिना आहे. चरणजित सिंग, मुंबईचे, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे. यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन मशीनं घेतली, ८०८ ड्रम मशीन, ३०३ बेस मशीन आणि ज्युपिटर ८, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ललत, भैरव, यमन, मालकंस, मेघमल्हार. नावच 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तेव्हा कोणी विचारलं नाही. त्याच ३०३ मशीनच्या किरकिरत्या आवाजावर शिकागोत ॲसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत उभं राहिलं, त्यातली गाजलेली रेकॉर्ड १९८७ ची, म्हणजे पाच वर्षांनी. २०१० मध्ये हा अल्बम परत निघाला आणि गोरे लोक डोकं धरून बसले की हे आधी कसं काय.

मला यातलं विशेष काय वाटतं सांगू, ते ३०३ मशीन एका सुरातून दुसऱ्यात घसरत जातं, म्हणजे मींड. गिटारवाल्याला बेस बदली म्हणून विकायला काढलेलं मशीन, त्यासाठी ते काही चाललं नाही, आणि एका माणसाला त्यात मींड ऐकू आली. पण एक सांगतो, लग्नात लावू नको. भैरव लागला की वरपक्ष जेवायला निघून जाईल.

प्रश्न: मी पुण्याहून लग्न होऊन इंदूरला आले. इकडचे मराठी लोक गाणी हिंदीच का ऐकतात? आणि मराठीत बँड का नाहीत?
- एक सूनबाई, राजेंद्र नगर

उत्तर: स्वागत आहे, पोह्यांवर शेव टाकून खाण्याची सवय झाली का? हिंदीच का, कारण आमच्या आजूबाजूला हिंदीच आहे, घरात मराठी आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, डोक्यातली कॅसेट आपोआप उलटते. स्वानंद किरकिरे आमच्या इंदूरचा मराठी मुलगा, आईवडील दोघं गाणारे, आणि त्याने लिहिलं काय तर 'बावरा मन', गायलं पण स्वतःच. 'हजारों ख्वाहिशें ऐसी'चा तो साउंडट्रॅक शंतनू मोइत्राचा, परत तेच, एका 'बावरा मन'मुळे बाकीचा कोणी ऐकत नाही. गीतकार म्हणून दोनदा नॅशनल अवॉर्ड मिळालं त्याला, आणि अर्ध्या इंदूरचा तो लांबचा भाचा आहे, विचारून बघा कोणालाही.

मराठीत बँड नाहीत हे मात्र मला पटत नाही. एकादशीला कुठल्याही भजनी मंडळात जाऊन बसा. पखवाज म्हणजे ड्रम्स, पेटी म्हणजे कीबोर्ड, वीस माणसं टाळ घेऊन, एक बुवा पुढे आणि कोरस मागे, लय वाढत वाढत कुठे जाते. असला बँड इंग्लंडात असता तर पोस्टर लागली असती भिंतीभिंतीवर. मुंबईचे अभंग रिपोस्ट हेच बेस गिटार आणि ड्रम्स घेऊन करतात, ऐका, पहिल्या दोन मिनिटांत नाक मुरडाल, पुढे नाही. अल्बम म्हणाल तर 'गारवा' पूर्ण ऐका, तो पण टायटलच्या गाण्याने खाल्लेलाच. पावसाळ्यात एफएमवर तेच एक लागतं आणि मिलिंद इंगळे-सौमित्र या जोडीचं बाकी सगळं छत्रीत राहतं.

आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे 'चला वाही देस', मीरेची भजनं, हृदयनाथ आणि लताबाई. लताबाई १९२९ ला इथेच जन्मल्या, शीख मोहल्ल्यात, हे आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला दोन मिनिटांत ऐकवतो, पण हा अल्बम किती जणांनी सलग ऐकलाय विचारा. चाली इतक्या अवघड आहेत की गुणगुणता येत नाहीत, आणि जे गुणगुणता येत नाही ते आपण कपाटात ठेवतो. तिकडे पिगडंबरला लताबाईंच्या रेकॉर्डींचं अख्खं संग्रहालय आहे, यजमानांना घेऊन एका रविवारी जाऊन या.

प्रश्न: तुम्ही मागच्या वेळी युफोरियाला 'ओव्हररेटेड' म्हणालात. लाज वाटली पाहिजे.
- नाव नाही, गाव नाही

उत्तर: अर्धी वाटली. 'धूम पिचक धूम' मी शंभर लग्नांत ऐकलंय त्यामुळे कान किटलेत, तो राग त्यांच्या गायकावर, पलाश सेनवर निघाला. पण 'मायरी' लागलं की मी पण गप्प होतो हे खरं आहे. उरलेली अर्धी लाज पुढच्या अंकात.

प्रश्न: काका, तुमच्याकडे 'कंदीसा'ची ओरिजिनल कॅसेट असेल ना? उसनी मिळेल का, आतली माहिती वाचायची आहे.
- पहिल्या प्रश्नातली इंजिनियरिंगवालीच, राजेंद्र नगर

उत्तर: नाही. ती २००३ च्या दिवाळीत एका मित्राने 'दोन दिवसांत देतो' म्हणून नेली. तो अन्नपूर्णा रोडला राहतो, हे मासिक त्याच्या घरी येतं आणि हे सदर तो वाचतो, हे मला त्याच्या बायकोकडून कळलंय. घाईत त्याने नुसती कॅसेट उचलली होती, डबी आणि आतला कागद माझ्याकडेच राहिला. तर बेटा, कागद तू येऊन वाच, फोटो काढ. आणि मित्रा, तू आता एक तर कॅसेट आणून दे नाही तर डबी तरी घेऊन जा, बावीस वर्षं झाली, रिकामी डबी बघून मला त्रास होतो.